ताईची टाकी

३ तारीख, सोमवार
मानवजातीवर झालेल्या अन्यायांची यादी कुणी केलीच, तर या भाड्याच्या खोलीतली खुर्ची त्यात असावी. चार पाय, आणि चौघांचं एकमेकांशी पटत नाही. बाकी बदलीचं गाव झकास. इथं मला कुणी ओळखत नाही, त्यामुळे मान टिकून आहे. संध्याकाळी ताईचा फोन आला. जन्मभर परिचारिका होती. निवृत्त झाल्यावर तिला कॉम्प्युटरवरचा एक खेळ सापडलाय. निर्जन बेटावर जगून दाखवायचं. म्हणाली, भिंतीशी बोलत बसण्यापेक्षा माझ्याबरोबर खेळ. पन्नाशी उलटल्यावर मी लाकडं फोडायला लागलो. तीही खोटी.

५ तारीख, बुधवार
बेटावरून निघायला बोट हवी, बोटीला निळं खनिज हवं, आणि ते समुद्राच्या तळाशी. खाली मेलो तर पडद्यावरचा आपला माणूस कायमचा पुसला जातो. ताईचं म्हणणं, आहे ते काय वाईट आहे? मी म्हटलं, जन्मभर खेकडे भाजत बसायचं का? हो-नाही करत तीन तास गेले. तेवढ्यात एखादं लग्न जमलं असतं.

८ तारीख, शनिवार
पाठीवर हवेच्या टाक्या अडकवून दोघं उतरलो. खनिज दिसलं आणि मी हवेचा काटा बघायचंच विसरलो, कुदळ मारत राहिलो. हवा संपली. पेशंटला आधी हवा, मग प्रश्न, हा तिच्या नोकरीतला नियम. तिनं स्वतःची टाकी माझ्या पाठीवर अडकवली आणि मला वर पिटाळलं. मागोमाग आपणही आलो, असं ती सांगते. मी तिला वर येताना पाहिलं नाही.
फोन ठेवताना तिला धाप लागली होती. जिना चढले म्हणाली. तिच्या घराला जिना नाही.

९ तारीख, रविवार
धाप वाढली आहे. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं स्वच्छ. भाऊजी सांगत होते, तिनं डॉक्टरांनाच चार शब्द सुनावले, पण चौथा पुरा झाला नाही.
तिनं खेळ कालच बंद केला. तरी खेळातल्या हजेरीत तिचं नाव दिसतंय. किनाऱ्यावर मात्र ती नाही.

११ तारीख, मंगळवार
खाली जाऊन आलो. निम्म्या वाटेवरूनच दिसली. खनिजापाशी उभी. तोंड वर. पाठ रिकामी —
मी फिरलो. पळालो. ताईनं मला कधी असं सोडलं नसतं.

१२ तारीख, बुधवार, सकाळ
भाऊजींचा फोन. ओठ निळे पडलेत. माझी टाकी त्या दिवशीच निकामी झाली; चांगली एकच उरली आहे, तिचीच. दुसरी बनवायला ते खनिजच लागतं, आणि ते खणून आणायला वेळ नाही. म्हणजे खाली दोघं, टाकी एक. कचेरीत रजा कळवली. कारण लिहिलं, घरगुती.

१२ तारीख, दुपार
खाली आहे. टाकी काढून तिच्या पाठीवर अडकवली. ती वर निघून गेली, मागे न बघता. बरं झालं. बघितलं असतं तर रागावली असती.
भाऊजींचा फोन. ताई उठून बसली. चहा मागितला, वर साखर कमी म्हणून त्यांनाच झापलं. छान, म्हटलं. माझं काही सांगू नका तिला, म्हटलं. एवढं बोलायला दोनदा थांबलो.
खिडकी सताड उघडी आहे. बाहेर वारा आहे, झाड हलतंय. आत मात्र —