नागपूरचा मास्टर

बाबूजी, तुमचा नागपूरचा मास्टर आता इंटरनेटवर पोचला आहे. एका ऑनलाइन गाइडच्या संपादिकेनं परवा दुपारी फोनवर मला तसं सांगितलं. गाइड म्हणजे लहान शहरांतली घरगुती बुटिकं हुडकून खरेदीला निघालेल्यांना पत्ता देणारी वेबसाइट. गोंदियातलं आपलं दुकान तिनं सगळ्यात वर घातलंय आणि खाली लिहिलंय, नागपूरच्या एका अबोल कारागिराच्या हातची ब्लाउजं. मी म्हटलं, असा माणूस कधी नव्हताच. ती म्हणाली, वाचकांना तीच गोष्ट आवडली आहे, घरातल्या कुणी समोर बसून सांगितलं तर बदलू. मीही बातम्या लिहूनच पोट भरते. लोकांना आवडतं म्हणून छापलं, हे कारण मी दिलं असतं तर मला घरी बसवलं असतं.

मास्टर तुम्हीच जन्माला घातला. नव्याण्णव साली दुकान उघडलं, तेव्हा बाईच्या शिलाईला बुटीकचा भाव कोण देईल, असं तुमचं म्हणणं. म्हणून आई पडद्यामागं मशीनवर, आणि तुम्ही गादीवरून सांगायचे, "नागपूर के मास्टर का हाथ है." बाया मापाचं ब्लाउज ठेवून जायच्या. दिवाळीत मास्टरजींसाठी मिठाई यायची, ती तुम्ही खायचे. एकदा राइस मिलवाल्याची बायको काखेत दाटतं म्हणून तणतणत आली आहे, तुम्ही ब्लाउज उलटसुलट करत राहता, आणि पडद्यामागून आई बोलून जाते, "आत कापड ठेवलं आहे, उसवलं की सैल होते." त्या दुपारी स्वयंपाकघरात तुम्ही ताट सारलं. "कायले बोललीस? तुझ्या आवाजानं दुकान बसते." आई वरण वाढत राहिली. त्यानंतर तुम्ही असेपर्यंत ती दुकानात खोकलीसुद्धा नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले, ते लोकांसाठी.

आता दुकान वहिनी पाहते. रायपूरहून गाड्या करून बाया येतात, म्हणून ती खूश आहे. मला म्हणते, "राहू द्या ना ताई, मास्टरजी चांगला चालून राहिला." तिच्या तोंडून मला तुम्हीच ऐकू येता.

रविवारी गाइडच्या दोन मुली येणार आहेत. आईसमोर रेकॉर्डर ठेवतील, मास्टर कोण होता ते विचारतील. काल मी तिला म्हटलं, आता तरी सांग. ती हुक लावत होती. मान वर न करता म्हणाली, "मेलेल्या माणसाले खोटं पाडू का? मास्टर मेला म्हणून सांगून देतो, झालं." आणि हसली. तुम्ही जिवंत असताना मी तिला दुकानात हसताना पाहिलं नव्हतं, म्हणून मी विषय तिथंच सोडला.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, आणि तिला वाचून दाखवायची माझी हिंमत नाही. रविवारी ती खरं बोलेल, असं मी वहिनीला ठणकावून सांगितलंय. मला स्वतःला तसं वाटत नाही. ती तुम्हाला वाचवील.