दार लावून आंघोळ

सोमवार, ४ मार्च

वन्सं आज बाथरूममध्ये घसरल्या. लागलं नाही. किती वेळा म्हटलं तरी कमीच — लागलं नाही.

बाल्कनीतली प्लॅस्टिकची खुर्ची आत दिली होती त्यांना बसायला. ओल्या फरशीवर तिचे पाय फाकले आणि वन्सं सावकाश खाली आल्या. धप्प असा आवाजही नाही, नुसती बादली कलंडल्याचा. मी दार ढकलणार तोच आतून, "आत यायचं नाही. आधी टॉवेल घेते." खुब्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम दोन महिने झालेत, आणि बाई फरशीवर सरकत सरकत टॉवेलपर्यंत पोचल्या! मगच त्यांच्या भावाला आणि मला आत घेतलं.

संध्याकाळी मी म्हटलं, उद्यापासून मी घालते आंघोळ. त्या म्हणाल्या, "त्यापेक्षा मी तिकडे जाते." तिकडे म्हणजे वृद्धाश्रमात. टेलिफोन एक्स्चेंजमधली त्यांची मैत्रीण तिथे राहते, शेजारची खोली रिकामी आहे. महिनाअखेरपर्यंत राखून ठेवतील म्हणे. म्हणजे विचारूनही झालं होतं.

"तिथेसुद्धा बाईच आंघोळ घालेल ना, वन्सं?"

"ती पगारी. तिची लाज कसली? तुझ्या तोंडाकडे मग दिवसभर कशी बघू?"

ह्यांनी पेपर तोंडापुढे धरला.

मंगळवार, ५ मार्च

फिजिओ मुलगी आली होती. तिला सगळं सांगितलं. म्हणाली, "आजी जातील कशाला? आंघोळीची खुर्ची आणा. हात असलेली, पाठ असलेली, पायांना रबर असलेली. बसल्यावर पावलं फरशीवर पूर्ण टेकली पाहिजेत आणि गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत. बसूनच अंगावर पाणी घेतील. कुणाची गरज नाही."

कुणाची गरज नाही — हे ऐकून वन्संचा चेहरा असा काही उजळला की मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

या घरात मी आले ती बावीस वर्षांची, बोर्डिंगात वाढलेली, मराठी बोलताना मध्येच अडणारी. वन्संनी पहिल्या दिवसापासून मला 'मॅडम' म्हणायला सुरुवात केली. थट्टेनं. पण स्वयंपाक त्यांनीच शिकवला, ड्यूटीवरून आल्यावर, पाय सुजलेले असताना. लग्न केलं नाही, कुणाचं मिंधेपण घेतलं नाही. अशा बाईनं माझ्यासमोर उघडं बसायचं कसं? मला पटतं त्यांचं. पण त्यांच्याशिवायचं घर नाही पटत.

गुरुवार, ७ मार्च

खुर्चीसाठी दोघं दुकानात. एवढे प्रकार असतील असं वाटलं नव्हतं. नुसतं स्टूल — पाठ नाही, बाद. चाकांची — आमच्या बाथरूमला उंबरा आहे, तो ओलांडायची नाही. भिंतीला ठोकायची, घडी होणारी — ती मला फार आवडली होती, अगदी नीटस. पण आमची ती भिंत पोकळ आहे, साधा आरसासुद्धा धरत नाही. हे प्रत्येक खुर्चीवर बसून डोळे मिटून पाणी घेतल्यासारखं करत होते. दुकानदार म्हणाला, "पेशंटला नाही आणलं?" हे म्हणाले, "पेशंट म्हणालात हे तिला कळलं, तर तुम्हाला खुर्ची लागेल."

शेवटी पांढरी घेतली. दोन्हीकडे हात, बैठकीला पाणी निचरायला भोकं. पायांत बटणं आहेत, दाबून प्रत्येक पाय हवा तेवढा लांब-आखूड करता येतो. दुकानदारानं चारही पाय आमच्या मापाप्रमाणे लावून दिले. माप ह्यांनी सकाळीच घेतलं होतं, वन्संना पलंगावर ताठ बसवून, गुडघ्यामागून खालपर्यंत टेप लावून. "शिंपी झालास का रे?" वन्सं म्हणाल्या. पण बसल्या मुकाट.

शनिवार, ९ मार्च

चुकलं सगळं.

वन्सं खुर्चीवर बसल्या — मी दाराशी, त्या गाऊनमध्येच, आधी नुसतं बसून बघायचं म्हणून — आणि पावलं अधांतरी. बोटं तेवढी फरशीला लागत होती. शिवाय खुर्ची पुढे कलत होती. वन्सं खुर्चीचे हात घट्ट धरून बसल्या, बोटं पांढरी पडली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, "राहू दे. खूप केलंत तुम्ही. संध्याकाळी तिकडे फोन करते."

मी त्यांना धरून बाहेर आणलं. पायपुसण्यावर त्यांच्या चपला होत्या. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावल्यापासून घरातही जाड तळाच्या चपलांशिवाय वन्सं पाऊल टाकत नाहीत, आणि त्या पायात असणं आमच्या इतकं डोळ्यांत बसलंय की दिसतच नाहीत. माप घेतलं चपलांसकट! आंघोळ कोण चपला घालून करतं?

ह्यांना हाक मारली. ते एक चप्पल हातात घेऊन बघतच राहिले. मग आधी वन्संच हसल्या. "शिंपी काढून टाका," म्हणाल्या.

दुपारभर बाथरूममध्ये आम्ही दोघं. चारही पाय एकेक भोक आखूड केले. तरी खुर्ची पुढे कलतच होती, कारण फरशी समोरच्या मोरीच्या तोंडाकडे उतरती आहे — इतकी वर्षं रोज पुसते, कधी लक्षात आलं नाही. मागचे पाय आणखी एकेक भोक आखूड. ह्यांनी बैठकीवर पाण्यानं भरलेला पेला ठेवला आणि दोघं वाकून बघत बसलो, पाणी कुठे कलतं का. नाही कललं. मग वन्संना बसवलं, अनवाणी. तळवे पूर्ण टेकले. ह्यांनी कानाला हात लावला, बहिणीची माफी मागितली. तिनं टपली मारली.

फोन आज नाही केला. उद्याचं बघून, म्हणाल्या.

रविवार, १० मार्च

पहिली आंघोळ.

बाहेर उभी राहू का विचारलं. "राहा. पण बघायचं नाही." कडी न लावण्याचं कबूल झालं, दार लोटून घेतलं.

बोर्डिंगात न्हाणीघरांना दारं नव्हती, पडदे होते. आठ-दहा वर्षांच्या आम्ही, परकर न सोडता आंघोळ करायचो, तरी लाजून चूर. उंच सिस्टर बाहेर उभी राहून सगळा वेळ गुणगुणायची. ते का, हे मोठी झाल्यावर कळलं. आवाज समोरच्या भिंतीवर आपटून यायचा, म्हणजे सिस्टरचं तोंड तिकडे. पडद्याकडे पाठ आहे हे न सांगता सांगायची. देव तिचं भलं करो, जिथे असेल तिथे.

मीही दाराकडे पाठ केली आणि गुणगुणायला लागले. आत तांब्याचा आवाज, पाण्याचा, मग बराच वेळ साबणाची शांतता. मी आवाज वाढवला.

"मॅडम, गाणं आवरा. पाणी गार होतंय."

बाहेर आल्या तेव्हा केसही धुतलेले होते. कुणी सांगितले होते धुवायला? पण काय दिसत होत्या!

सोमवार, ११ मार्च

आजही स्वतः. गाण्याला बंदी. मी दाराबाहेर मटार सोलत बसले.

गुरुवार, १४ मार्च

वन्संनी मैत्रिणीला फोन केला. एक्स्चेंजमधला तोच ठसठशीत आवाज — "खोली दुसऱ्या कुणाला देऊन टाक. माझी इथे खुर्ची आहे."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि डोळे पुसले. फिजिओ मुलीचे, दुकानदाराचे, ह्यांच्या त्या पेल्याचे, कुणाकुणाचे उपकार आठवू?

रविवार, १७ मार्च

सकाळी आतून हाक. मी धावले, दाराशी थांबले. काय झालं, वन्सं?

"काही नाही झालं. पाठीला हात पुरत नाही. ये आत."

गेले. पाठ किती लहान आहे त्यांची. मी हलक्या हातानं साबण लावत होते.

"जरा जोर लाव," म्हणाल्या. "पाठ आहे ती, काचेचं भांडं नाही."