उजवा हात ताईचा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, व्यवसाय पियानोवादन, आज पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता आणि पोटभर न्याहारी करून हे मृत्युपत्र राजीखुशीने करीत आहे. माझा उजवा हात चालत नाही, म्हणून मी सांगते आणि वकीलसाहेब लिहितात. "बाई, एवढं सगळं मृत्युपत्रात लिहीत नाहीत," असे ते आताच म्हणाले. तेही लिहून घ्यावे.

१. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. रागाच्या भरात कुठे काही खरडले असल्यास ते रद्द समजावे.

२. राहते घर माझ्या मैफलींच्या बिदागीतून घेतलेले, म्हणजे स्वकष्टार्जित आहे. ते मी माझ्या भाचीला, ताईच्या एकुलत्या एक मुलीला देते. ताईने तिथे तहहयात राहावे. भाचीला भिंती पाडून खोल्या मोठ्या करण्याची भारी हौस आहे. पियानोच्या खोलीची भिंत तिने पाडू नये. आवाज तिथूनच गोल होऊन परत येतो.

३. काळा ग्रँड पियानो ताईला द्यावा. हा काही उपकार नव्हे. कारण सांगते.

आम्ही दोघी बहिणी एकाच बाकावर बसून शिकलो. ताईचा हात माझ्याहून गोड होता. हे लेखी देते, कारण तोंडी म्हटले की ती चिडते. पंधराव्या वर्षी शाळेच्या कार्यक्रमात ती पियानोपाशी बसली, तिने भरलेल्या सभागृहाकडे एकदा पाहिले, उठली आणि नव्या फ्रॉकमध्ये तडक चालत घरी आली. पुन्हा चारचौघांत वाजवले नाही. पुढे ती भूगोलाची शिक्षिका झाली आणि मी गावोगावी, देशोदेशी वाजवत फिरले. थंडगार सभागृहे, चिकटणाऱ्या पट्ट्या, मला सोडून पुढे पळणारे ऑर्केस्ट्रे, सगळे पाहिले आणि मनापासून उपभोगले. प्रत्येक मुक्कामावरून ताईला पत्र टाकायची. तिचे उत्तर यायचे, "मैफल रंगली हे वाचून आनंद झाला. ती नदी मात्र पूर्वेला वाहते."

आठ वर्षांपूर्वी तालमीतच मला अर्धांगाचा झटका आला. डॉक्टरीणबाईंनी जीव वाचवला, पाय परत मिळवून दिला, पण उजवा हात गेला तो गेलाच. मी पियानो विकायला काढला. ताई तेव्हा माझी देखभाल करायला येऊन राहिली होती. एक गिऱ्हाईक आले आणि म्हणाले, "जरा वाजवून दाखवता?" मी एका हाताने जमेल तेवढे वाजवू लागले. स्वयंपाकघरातून ताई ओले हात पुसत आली, "सरक" म्हणाली, माझ्या उजवीकडे बसली आणि उजव्या हाताचे उरलेले सगळे वाजवू लागली. जणू आम्ही कालच शिकवणीवरून आलो होतो.

गिऱ्हाईकाने शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाले, "दोघींसकट विकताय का?"

"विकायचा नाहीये," ताई म्हणाली.

"मग स्टेजवर येशील?" मी विचारले.

"मेले तरी नाही."

आधी डॉक्टरीणबाईंच्या रुग्णांपुढे वाजवले. त्याला ताई तयार झाली, कारण "ते बिचारे उठून जाऊ शकत नाहीत." वर्षभराने मोठे सभागृह ठरले. पडद्याआड ताई पांढरीफटक. "मला ओकारी येतेय."

"येऊ दे. बादली आणलीय."

तिने बादलीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि चष्मा काढून माझ्या हातात दिला. "आता माणसं दिसतच नाहीत. चल."

तिला सगळे तोंडपाठ होते. शेवटचा सूर विरला आणि सारे सभागृह उभे राहिले. ताईला नुसत्या हलत्या सावल्या दिसल्या. टाळ्यांच्या गडगडाटात ती माझ्या कानात ओरडली, "सगळे उठून चालले का गं?"

"अगं, आपल्यासाठी उभे राहिलेत!"

"मग सांगायचं नाही का? मी निघालेच होते!"

तेव्हापासून आम्ही दोघी, माझा डावा आणि तिचा उजवा हात, जगभर फिरत आहोत. एवढी मजा मला स्वतःच्या दोन हातांनी कधी आली नव्हती.

४. उजव्या हाताचे सगळे हातमोजे त्या समीक्षकांना द्यावेत, ज्यांनी माझ्या तरुणपणी "डावा हात आळशी" असे छापले होते. ते अजून आमच्या मैफलींना येतात आणि पहिल्या रांगेत घोरतात. त्यांना थंडी फार वाजते, म्हणून मोजे लोकरीचेच निवडावेत.

५. पियानो सुरात लावणाऱ्या ट्यूनरला काही ठेवलेले नाही, कारण साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकीलसाहेब म्हणतात.

"मग मी साक्षीदार होत नाही," ट्यूनर म्हणाला. "काय देणार होतात, बाई?"

"तो ठोक्यात मागे पडणारा मेट्रोनोम."

"होतो साक्षीदार."

६. पुढच्या महिन्यात आमची मैफल आहे. त्याआधी मी गेले, तरी ती रद्द करू नये. ताईने एकटीने वाजवावे.

हे कलम मी सांगितले तेव्हा ताई दारात उभी होती. "एकटी? आणि डावा हात कोणाचा?"

"तुझा. तुलाही एक आहे."

ती आपला डावा हात उलटसुलट करून पाहत पियानोच्या खोलीत गेली. पहिल्यांदा चुकली. पुन्हा सुरू केले. आता ती दोन्ही हातांनी वाजवते आहे, खिडक्या सताड उघड्या आहेत, आणि रस्त्यावर चार माणसे थांबून वर बघत आहेत. तिचा चष्मा नाकावर आहे. वकीलसाहेबांची लेखणी थांबली आहे. थांबू दे. हे संपल्यावर सही करीन.

सही (डाव्या हाताने)

साक्षीदार:
१. सही, डॉक्टरीणबाई. बाईंची बुद्धी शाबूत आहे. मी तपासले.
२. सही, ट्यूनर. वरची एक पट्टी किंचित उतरली आहे. आजच लावून देतो.

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ९ मार्च, सकाळी