पहिल्या क्षणाची खूण

५ मार्च

चि. भिंगरीस,
आत्याचे ओंजळभर आशीर्वाद. वि. वि.

आधी तब्येती. तुझा खोकला गेला, की त्या उंच, कोरड्या डोंगरावर तोही तुझ्यासोबत मुक्कामाला आलाय? खोलीतल्या मैत्रिणीचा गुडघा काय म्हणतो? आणि दुर्बिणीचं बिघडलेलं शीतयंत्र? तिचीही विचारपूस हवी, तुमच्या घरची थोरली सूनच ती! इकडे मी ठणठणीत. तुझे बाबा तोंडाने रागावलेले, पोटाने बरे. पोरीने पक्की नोकरी सोडून आभाळ मोजायला जावं, हे अजून त्यांच्या गळी उतरलेलं नाही.

आता कान इकडे कर. चष्म्याच्या दुकानातून निवृत्त झाल्यापासून मी वाचनालयातली विज्ञानाची पुस्तकं चावून चावून वाचते. परवा एकदाची ट्यूब पेटली! आभाळाची दोन टोकं इतकी लांब, की आजवर उजेडालाही एकीकडून दुसरीकडे पोचायला सवड मिळालेली नाही. तरी दोघांची ऊब सारखी! का, तर जन्मताच, पापणी लवायच्या कितीतरी आत, विश्व भसकन फुगलं असावं, आणि त्याआधी ही टोकं एका पांघरुणातली भावंडं होती. अगं, मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. शेजारच्या गृहस्थांनी पेपर खाली करून माझ्याकडे पाहिलं.

त्या फुगण्याची खूण, विश्वाच्या सगळ्यात जुन्या उजेडातली भोवऱ्याभोवऱ्यांची पुसट नक्षी, तुम्हाला दिसल्याचं तू गेल्या पत्रात लिहिलंस. मी कोणाला सांगितलं नाही. फक्त सलूनवाल्या भाऊंना. म्हणजे दवंडीच. आता महिनाअखेरीला वाचनालयात माझं भाषण आहे आणि दारावर हा भलामोठा कागद लागलाय: पहिल्या क्षणाची खूण सापडली!

लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.
तुझी आत्या

१४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

खोकला गेला, गुडघा चालू लागला, थोरली सून गार झाली. तुझं पत्र वाचून मी मात्र तापले. आत्या, तो कागद आधी काढ!

नक्षी खरी आहे, पण कोणी काढली ते ठाऊक नाही. आपल्याच आकाशगंगेतली धूळ हुबेहूब तशीच नक्षी काढते. दुसऱ्या लांबीच्या प्रकाशलहरीवर पाहिलं तर धूळ जास्त चमकते आणि पकडली जाते. पण त्याला काही आठवडे हवेत, आणि दुसरा गट आमच्या पाठोपाठ आहेच. शोधनिबंधावर गटातल्या सगळ्यांच्या सह्या झाल्या, माझीच राहिलीय. आमच्या गटाचे सर म्हणाले, की थांबलीस तर शोधाचा मान दुसरे घेऊन जातील. माझी इथली मुदत जूनअखेरीला संपते. हाती काही लागलं नाही तर परत घरी, बाबांच्या ‘मी म्हणत नव्हतो?’समोर.

सही करावीशी वाटते गं. इतकी देखणी आहे ती नक्षी!

माया पातळ करू नकोस.
तुझी भिंगरी

२ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद, आणि धापा टाकत वि. वि.

कागद निघेना. शिपायाने जीव ओतून चिकटवलेला. शेवटी ‘सापडली’पुढे एक ‘का?’ डकवला. गर्दी दुप्पट झाली!

मी धुळीचं सगळं सांगितलं. वाटलं, आता लोक उठून जातील. भाऊ उठलेही, पण विचारायला, की फुगलं ते फुगलं, थांबवलं कोणी? म्हटलं, ठाऊक नाही. मग फुगवलं कशाने? म्हटलं, तेही नक्की ठाऊक नाही. शाळेतल्या निवृत्त बाई म्हणाल्या, की म्हणजे जगात कोणालाच नाही? म्हटलं, अजून कोणालाच नाही. अगं, काय गलका उठला! जो तो आपलं घोडं पुढे दामटतोय. शिपाई किल्ल्या वाजवून दमला आणि स्वतःच वादात पडला.

तुझे बाबा शेवटच्या रांगेत होते, मला न सांगता आलेले. त्यांनी विचारलं, की सगळ्यांच्या सह्या झाल्या तर हीच एकटी का अडलीय? मी कारण सांगितलं.  घरी येताना फाटकाशी म्हणाले, की परत यावं लागलं तर खोली तिचीच आहे, मी चकार शब्द काढणार नाही.

सही कर की नको, ते मी सांगणार नाही. मी जन्मभर चष्मे विकले, नजर कोणाला विकता आली नाही. बघायचं तुलाच आहे.

जीव इकडे टांगलेला आहे, एवढं ध्यानात असू दे.
तुझी आत्या

२० मे

ती. आत्यास आणि ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

धूळच निघाली! आणि मी सही केलेली नव्हती!

दुसऱ्या लहरीवर नक्षी अशी लखलखली, की चोर मुद्देमालासकट हातात.  संध्याकाळी सर दोन कप चहा घेऊन आले आणि माझ्यासमोर निबंध फाडला. आता खरी गंमत ऐका. ती धूळ वजा केली तर खाली जवळजवळ काहीच उरत नाही. म्हणजे पहिल्या क्षणाबद्दलच्या ज्या ज्या कल्पना ठळक खूण सांगत होत्या, त्या सगळ्या कोसळल्या, सरांची लाडकीसुद्धा! उरल्या त्या नाजूक, अवघड, अजून कोणाच्या हाती न लागलेल्या. मी गच्चीवर नाचले, मैत्रिणीने बऱ्या गुडघ्यासकट साथ दिली.

याहून तीक्ष्ण नजरेची दुर्बीण बांधायचं घाटतंय. धुळीचं काम मला द्यायचं म्हणतात, पण मंजुरी अजून नाही. मिळाली तर राहीन, नाही तर घरी येईन. बाबा, आता त्याची भीती वाटत नाही.

आत्या, तुझी माया अशीच फुगत राहो. पण या खेपेला उत्तर बाबांच्या हातचं हवंय. बाबा, चारच ओळी लिहा. रागावून लिहिलंत तरी चालेल, पण लवकर लिहा.

तुमची भिंगरी