दांडीवरच्या फुल्या

३ नोव्हेंबर १९१२, व्हिएन्ना

सतरा मिनिटांचं गाणं. त्याच्या स्वरलिपीची नक्कल उतरवायचा खरा खर्च — शाईच्या दोन दौती, सहा निबं, मनगटाला सूज आणि रविवारचं भाजलेलं बदक थंडगार!

चाल लास्नरची. शब्द शाळेत घोकलेल्या जुन्या कवितेचे — बुडालेल्या लेकराची आई नदीला हाका मारते. महिनाअखेरच्या कार्यक्रमात गाणार माझी मुलगी हर्मिने. घसा दुखावल्याला दोन वर्षं झाली, त्यानंतर प्रथमच!

लास्नरच्या हस्तलिखितात सुरांच्या उभ्या दांड्यांवर जागोजाग फुल्या. माझ्या हाताखालच्या वेंडेलिननं टाक थांबवला. "मालक, ह्या ठेवायच्या?"

"लास्नरनं आधी खोडलंय रे, मग मन बदललंय. पोरकट माणूस! फुल्या गाळ, सूर ठेव."

विचारायला लास्नर गावात नाही. आई आजारी म्हणून ग्राट्सला गेलाय. आणि विचारायचं कशाला? ब्र्नोहून आलो तेव्हा खिशात एक टाक होता. आज चार माणसं हाताखाली. तीस वर्षांत माझ्या दुकानातून चूक बाहेर गेलेली नाही.

५ नोव्हेंबर

शेजारच्या खोलीत हर्मिनेचा रियाज. गात कुठली — बोलत होती! सुरांच्या काठाकाठानं, घसरत, कण्हत. भिंत ठोकली. "गा की! भाजीवालीशी घासाघीस चाललीय का?"

पानं चाळल्याचा आवाज. मग, "बरं, पपा."

आणि गायली. वरचा सूर काय लागला! अंगावर काटा.

९ नोव्हेंबर

हर्मिने दूध-मध पितेय. "थंडी बाधली, पपा." बोलणं कमी झालंय.

१५ नोव्हेंबर

लास्नर परतला, थेट तालमीला. पान पाहून थबकला. "ट्रन्कासाहेब, माझ्या फुल्या कुठायत?"

"खोडलेल्या? त्या —"

"खोडलेल्या नाहीत हो! फुली म्हणजे गायचं नाही, बोलायचं. तिचा घसा जपूनच तर लिहिलं होतं मी!"

ओरडला असता तर बरं. नुसता पायरीवर बसून राहिला. हर्मिनेनं तोंडाला रुमाल धरला होता. रुमालावर लाल ठिपका.

१६ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले, महिनाभर एक अक्षर नाही. गाणं विसरा — कायमचं.

कार्यक्रम रद्द. वेंडेलिन न विचारता फुल्या परत घालत बसलाय. कोणासाठी? मला टाक धरवत नाही.

१८ नोव्हेंबर

लास्नर तिला भेटून गेला. निघताना दारात सहज बोलला — फुल्या कुठं आणि कशासाठी, हे त्यानं हर्मिनेला ऑगस्टमध्येच समजावून सांगितलं होतं. आणि भिंत मी ठोकली होती.