बोटांतल्या मुंग्या

रविवार, लोहारा. दिवेलागण.

आज विहारात आनापान ध्यानाला बसले आणि स्वतःची फजिती करून घेतली. शेजारी नणंद कल्पना होती. ती नर्स आहे, कितीतरी वर्षं ध्यानाला बसते. तिच्याआधी आपल्याला काहीतरी साधावं, अशी हाव होतीच मनात. मी खोल खोल श्वास ओढत राहिले. बोटांत मुंग्या आल्या. वाटलं, साधलं! मग ओठ बधिर झाले, बोटं आखडली, छाती धडधडली. वाटलं, आता मरतेच.

कल्पनानं नाडी बघितली आणि कानात म्हणाली, "वहिनी, श्वास नुसता बघायचा हुता, वढायचा न्हाय. लई घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी हुतो, म्हणून मुंग्या. आता तुमच्या अंगणवाडीतल्या लेकरांची नावं सांगा, सावकाश."

सतराव्या नावाला बोटं सुटली.

लाज वाटायला हवी होती ना? हसूच येतंय. आत्ता भाकरी थापतानाही बोटांकडं बघून हसले.

लिहिताना ध्यानात आलं, लेकरं तर अठरा आहेत. कोपऱ्यात गप बसणारी रेणू राहूनच गेली. उद्या पहिली हाक तिलाच.