सय्याफच्या वाटचे घाव

रविवार, ५ ऑक्टोबर

नोकरी लागली, टेबल मिळालं, खुर्चीला सगळी चाकं आहेत. आणखी काय पाहिजे? वैबदा मोहल्ल्याच्या चढावर एका जुन्या दगडी घराच्या वरच्या मजल्यावर आमची व्हिडिओ गेमची कंपनी आहे. माझ्या खिडकीतून समोरच्या गच्चीवरची कबुतरं दिसतात आणि एका बाईचं कधीच न संपणारं धुणं दिसतं. सकाळी फलाफल आणि पुदिन्याचा चहा कंपनीकडून. अम्मानमध्ये खेळ खेळायचा पगार मिळतो हे बाबांना अजून पटत नाही. ते शेजाऱ्यांना सांगतात, आमची लुजैन कॉम्प्युटर तपासते.

साहेबाचं नाव मुअय्यद. माझ्याच वयाचा आहे, पण बोलतो असा की जगातला प्रत्येक खेळ त्याच्या मांडीवर लहानाचा मोठा झाला. खेळात एक नवा लढवय्या येतोय, सय्याफ, म्हणजे तलवारवाला. तो मी तपासायचा आणि काय वाटलं ते रोज लिहायचं. मुअय्यद म्हणाला, पहिला ग्रह एकदाच होतो, दुसऱ्या दिवशी माणूस सरावतो आणि खोटं बोलायला लागतो. हे मात्र पटलं. तेव्हा ऑफिसला एक सभ्य टिपण, आणि सभ्यतेचं बंधन नसलेली ही वही घरी.

दीमा नावाची मुलगी माझ्या शेजारी बसते. खेळातल्या माणसांना चालायला, पळायला, मरायला तीच शिकवते. चांगली वाटली. तिच्या डब्यातली भरली द्राक्षाची पानं तर फारच चांगली वाटली.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

मी जन्माची तिरंदाज. लांब उभं राहावं, नेम धरावा, समोरचा आपल्यापर्यंत पोचायच्या आत आडवा झालेला असावा. जवळ जाऊन हाणामारी करणाऱ्यांची मला कायम कीव येते. डोकं नसलं की माणूस छातीने लढतो.

तर सय्याफ. पहिल्या तासात मी इतक्या वेळा मेले की मागून दीमा हसायला लागली. तलवार उचलायलाच त्याला युग लागतं, आणि एकदा उचलली की मागे घेता येत नाही. उडी मारून बाजूला होणं त्याला ठाऊकच नाही. पुढे झेप घेतो, तीही जिथे मार बसणार तिथेच. वर त्याची गंमत अशी की जितका मार खाईल तितका त्याचा वार जड होतो. म्हणजे जिंकायचं तर आधी कुटून घ्यायचं. ऑफिसच्या टिपणात मी लिहिलं, 'नवशिक्यांना अवघड जाईल.' इथे लिहिते, पहिल्या दिवशी खेळणारा प्रत्येक जण याच्या अंगावर कपडे धुवावेत तसे फटके खाईल.

पण संध्याकाळपर्यंत एक गोष्ट कबूल करावी लागली. त्याचा वार लागतो तेव्हा स्क्रीन क्षणभर थांबते आणि मनगटात काहीतरी जाणवतं. आणि तो पडतो ते खऱ्या माणसासारखा, आधी डावा गुडघा, मग खांदा. मी दीमाला म्हटलं, पडणं झकास जमलंय. ती उठून चहा आणायला गेली.

तेवीस तारखेला, गुरुवारी, सगळ्या अरब देशांत खेळ फुकट चाचणीसाठी उघडणार आहे. मुअय्यद लाखभर लोक येतील म्हणतो. त्याच्या लाखातली निम्मी शून्यं काढली तरी पुष्कळ.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

मटण-भाताचं मन्सफ पोटभर झालं. बाबा आडवे झाले आणि मी लॅपटॉप घेऊन पाहुण्यांच्या खोलीत गादीवर बसले. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे ही खोली एरवी माझीच.

दोन लढायांच्या मधे सय्याफ तंबूपाशी थांबतो. कुठल्याही बटणाला हात न लावता सोडलं की प्रत्येक लढवय्या काही ना काही चाळा करतो. माझी तिरंदाज दोरी तपासते. हा मांडी घालून बसला, कॉफी ओतली आणि भरलेला इवलासा कप, फिंजान, तोंडाला न लावता समोर जमिनीवर ठेवला. मान खाली घालून बसून राहिला.

मला हसूच आलं. हे दृश्य मी लहानपणापासून याच खोलीत बघतेय. कुणाचा तंटा मिटवायचा असो, मुलगी मागायची असो, मंडळी जमातीतले वडीलधारे म्हणून बाबांकडे येतात, त्यांचा म्होरक्या फिंजान असंच न पिता खाली ठेवतो. म्हणजे काही मागणं आहे. बाबा शब्द देतील तेव्हाच तो पिणार, आणि न पिता उठला तर आमच्या घराचं नाक कापलं.

मग मी काय करावं? बाबांसारखं छाती काढून, आवाज जाड करून म्हटलं, 'कॉफी घ्या, पाहुणे. ज्यासाठी आलात ते झालं समजा.'

त्याने फिंजान उचललं, प्यायला, पुरे म्हणायला हलवतात तसं बोटांत हलवलं आणि उठला. दीमाला मानलं. कुठला बारकावा सोडत नाही बाई.

रविवार, १२ ऑक्टोबर

कौतुक करायला गेले आणि हात दाखवून अवलक्षण झालं. दीमा म्हणाली, असला चाळा तिने केलेलाच नाही. सय्याफ तलवार पुसतो, एवढंच आहे. मला वाटलं चेष्टा करतेय, म्हणून पुन्हा सांगितलं, गुडघ्यावर हात कसा ठेवला तेही दाखवलं. तिचा चेहरा उतरला. डबा न उघडताच ती घरी गेली.

आजपासून सय्याफची जीवाची पट्टी, म्हणजे किती जीव उरलाय ते दाखवणारी, कमी होत नाही. मार बसतो, वार जड होतो, पण पट्टी भरलेलीच. सगळ्यांच्या मशीनवर तेच. माझ्यासोबत खेळ तपासणारी पोरं खूश आहेत, मुद्दाम मार खातायत. कुठे चुकलंय ते कुणालाच सापडत नाही.

बाबांचा खांदा धरलाय. म्हणे उशी वाकडी झाली असेल.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

दीमाने आज मला जिन्यात गाठून सांगितलं. सय्याफच्या हालचाली एका जिवंत माणसाच्या आहेत. शाहेर त्याचं नाव, दक्षिणेकडच्या मआन गावचा, लग्नांत तलवारीचा नाच करायचा. अंगभर दिवे चिकटवून खालच्या हॉलमध्ये त्याच्या हालचाली टिपल्या. मार खाण्याच्या सगळ्या हालचाली एकाच दिवसात. काठ्यांना गादी गुंडाळलेली होती, पण मुअय्यदला खरेपणा हवा होता. अजून एकदा, अजून एकदा. शाहेर म्हणाला, भाऊ, आता दुसऱ्या कुणाला तरी उभा करा, माझ्याच्याने होत नाही. मुअय्यद म्हणाला, अरे मर्द ना तू, शेवटचा एक. त्या शेवटच्यात शाहेर पडला तो पडलाच. आधी डावा गुडघा, मग खांदा.

कंपनीने हृदयविकार म्हणून सांगितलं. त्याच्या आईकडे कुणी गेलं नाही. एक माणूस नाही, एक शब्द नाही. आपल्याकडे गाडीखाली कुणाची बकरी गेली तरी चार वडीलधारे घेऊन दारात जातात.

मला इतका राग आलाय की पेन कागदात रुततंय. ते पडणं त्यांनी खेळात ठेवलंय. मी त्याला झकास म्हटलं.

बुधवार, १५ ऑक्टोबर

दुपारी घरूनच काम करत होते. बाबा स्वयंपाकघरात टोमॅटो चिरत होते, मला दारातून दिसत होते. सय्याफच्या पाठीत भाला बसला आणि बाबा ओट्यावर वाकले. मी तिकडे बघतेय तोवर दुसरा, डाव्या गुडघ्यावर. बाबा खाली बसले. आधी गुडघा, मग खांदा.

मी लॅपटॉप आपटून बंद केला.

पाठीवर लांबट काळानिळा वण आहे. बाबा म्हणतात वय झालं, पोरी. वयाने पाठीवर भाला उमटत नाही.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

बाबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं हसतील, देवा हसले असते तर. त्यांनी एवढंच विचारलं की तो काय मागायला आला होता. मी म्हटलं, विचारलं नाही. तुम्ही तरी कुठे विचारता?

तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. म्होरक्या फिंजान ठेवतो त्याच्या आठवडाभर आधी निरोप्ये फिरलेले असतात, मागणं काय, द्यायचं किती, सगळं ठरलेलं असतं. फिंजान म्हणजे नुसता चारचौघांत उरकायचा सोपस्कार. न ठरवता शब्द देतो तो एक तर राजा, नाहीतर येडा.

मी म्हटलं, चूक कंपनीची आहे, त्याने कंपनीकडून घ्यावं. बाबा म्हणाले, शब्द तू कंपनीत दिलास का? माझ्या छपराखाली दिलास, माझ्या आवाजात. मग घेणार तो माझ्याकडूनच. त्याला हवं होतं त्याच्या जागी उभं राहणारं कुणीतरी. मिळालं.

उचलली जीभ लावली टाळ्याला. थप्पड माझ्या तोंडावर बसायला हवी, बाबांच्या नाही.

रविवार, १९ ऑक्टोबर

मुअय्यदच्या पाया पडायचं बाकी ठेवलं. सय्याफ काढ. निदान चाचणी पुढे ढकल. निदान शाहेरच्या आईकडे चल, बाबा स्वतः पुढे होतील. तो आधी हसला. मग शाहेरचं नाव तुला कुणी सांगितलं म्हणून दार लावून घेतलं. म्हणाला, बाईमाणसाला खेळ झेपला नाही की भुतं दिसतात. म्हणाला, पट्टी कमी होत नाही ते तर फारच बरं, लोक खूश होतील, दुरुस्ती पुढच्या आठवड्यात.

बाहेर पोरं खेळतच होती. मी एकाचा माउस हिसकावला. मला घरी पाठवलं. तो मुअय्यद मरो.

सोमवार, २० ऑक्टोबर

बाबा अंथरुणाला खिळलेत. डॉक्टर म्हणाला हे मारहाणीचे वण आहेत. माझ्याकडे असा बघत होता. बाबा म्हणाले, माझी मुलगी माशी मारत नाही. हे बोलताना त्यांचा ओठ फुटला. माझ्या डोळ्यांसमोर, आपोआप फुटला.

ऑफिस सुटलं की थांबतं. सकाळी पुन्हा.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

बाबांनी पडल्या पडल्या शाहेरच्या काकांना फोन लावला. काका अदबीने बोलले. म्हणाले, अबू लुजैन, तुम्ही नावाजलेला माणूस, पण आमचं देणं-घेणं तुमच्याशी नाही. जे देणेकरी आहेत ते आले नाहीत. मेलेल्याने स्वतः घेतलं असेल तर आम्ही मधे कोण?

बोलता बोलता बाबांच्या हातातून फोन पडला. दोन बोटं —

जेवत नाहीत. गिळताना दुखतं.

बुधवार, २२ ऑक्टोबर

लॅपटॉप उघडत नाही मी. तरी तो दिसतो. बंद झाकणाच्या काळ्या काचेत — नाही, काच आत असते. दिसतो मात्र. पाठमोरा असायचा, आता तोंड माझ्याकडे. रागावलेला नाही. पोट भरलेल्या माणसासारखा स्वस्थ. तेच मला सहन होत नाही.

सात-आठ पोरांनी बाबांची ही गत केली. उद्या लाखभर. सगळे नवशिके. मीच लिहिलंय, फटके खातील म्हणून.

बाबांना विचारलं, दिलेला शब्द परत घेता येतो का. नाही. त्याच्या पाया पडून मागून घेता येतो का. नाही, दिलेलं मागायचं नसतं. मग काय येतं? म्हणाले, बदली माणूस देता येतो. आणि लगेच माझा हात घट्ट धरला, मोडलेल्या बोटांनी. म्हणाले, खबरदार, लुजैन. मी म्हटलं, झोपा.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

चाचणी संध्याकाळी पाचला उघडते.

बाबांच्या खोलीला बाहेरून कडी लावलीय. हाका मारतायत. शिव्याही देतायत, मला माहीत नव्हत्या त्यांना इतक्या येतात.

कॉफी केली. वेलदोडा जास्त पडला. पाहुण्यांच्या खोलीत लॅपटॉप उघडला. तो तंबूपाशी बसलेलाच होता, कशालाही हात न लावता. मी समोर मांडी घातली. इतक्या जवळून मी त्याला कधी बघितलं नव्हतं. आईकडे बघून लाजेल असं तोंड आहे.

माझं फिंजान भरून खाली ठेवलं. प्यायले नाही. मान खाली घातली.

सय्याफला खेळात आवाज दिलेला नाही. तरी बोलला. मआनकडचं बोलणं, मऊ. 'कॉफी घे, बहिणी. ज्यासाठी आलीस ते झालं समज.'

विचारलं नाही त्याने. मीच सांगितलं. बाबांच्या वाटचे घाव मला. तो म्हणाला, बरं. जणू मी मीठ मागितलं होतं.

प्यायले. फिंजान हलवलं.

आतून बाबांनी पाणी मागितलं. खणखणीत आवाजात. चार दिवसांत पहिल्यांदा. रडू आलं. उठून देणार होते, पण स्क्रीनच्या खाली मुअय्यदची आकडेमोड चालू झालीय — किती जण दाराशी थांबलेत — आकडा इतका भरभर पळतोय की वाचता येत नाही —

जवळ जाऊन लढणाऱ्यांना मी बिनडोक म्हणायचे.

बाबा दार ठोठावतायत. खांद्याने. म्हणजे खांदा बरा झालाय. ठोठावू देत —

पाच. खेळ उघडला.

पहिला खांद्यावर. सहन होण्यासारखा आहे. लिहिता येतं —

पाठ. पाठ. हे कोण पोर आहे, बाजूला हो ना, मूर्खा, तिथे उभा राहू नको —

दाराची कडी निखळतेय. बाबा, आत येऊ नका, मी आपण होऊन

डावा गुडघा, आता